कझांजियनांचा ट्रक नंबर एक्कावन्न

सरकारी पत्र वाचून माणसाला आनंद झाल्याचं उदाहरण फ्रेस्नो गावात त्याआधी एकही नव्हतं. नुबार कझांजियनला मात्र झाला. इतका झाला, की भट्टीतल्या लवाश रोट्या करपून त्यांचे पापड झाले, आणि एरवी एक रोटी करपली तरी तीन दिवस हळहळणारा हा माणूस चक्क हसत म्हणाला, "जाऊ दे!"

पत्र राज्याच्या हवा-खात्याचं होतं. धूर न सोडणाऱ्या गाड्यांचा नवा कायदा राज्याने केला होता आणि पन्नास किंवा त्याहून जास्त ट्रक असणाऱ्या बड्या मालकांना आधी सूचना द्यायची होती. पत्राची सुरुवातच अशी होती : 'श्री. नुबार कझांजियन, एक्कावन्न ट्रकांचे मालक, यांस सप्रेम नमस्कार.'

नुबारने ते पत्र तीनदा वाचलं. म्हणजे पहिलं पान तीनदा वाचलं. दुसरं पानही होतं. पण बायकोने स्तुती केली की माणूस पुढचं वाक्य ऐकायला थांबत नाही, तसंच हे झालं. त्याने पत्राला चौकट केली आणि दुकानात, आर्मेनियन माणसाला देवाच्या जागी असलेल्या अरारात पर्वताच्या चित्राशेजारी टांगलं. अरारातचं चित्र थोडं डावीकडे सरकवावं लागलं.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. नुबारकडे ट्रक एकच होता. पांढरा, डिझेलवर चालणारा, चालू करताना आधी खोकणारा आणि मग काळा धूर सोडून सगळ्या गल्लीला उठवणारा. त्याच्या दोन्ही दारांवर आणि पाठीवर लाल रंगात हातभर आकडा होता : ५१.

यात नुबारचा दोष नाही, चाल तशी होती. बैरूतहून येऊन फ्रेस्नोत धंदा मांडणारा कोणताही आर्मेनियन माणूस ट्रकवर कधी 'एक' लिहीत नसे. एक म्हणजे काल आलेला. एक म्हणजे उद्या टिकेल की नाही, कोण जाणे. तरुणपणी नुबारने पहिला ट्रक घेतला तेव्हा रंगाऱ्याने विचारलं, "नंबर काय टाकू?" नुबारने छाती फुगवली आणि तिच्यात जेवढी हवा मावली तेवढा आकडा सांगितला.

त्याच आठवड्यात तो सिरवार्तला मागणी घालायला गेला. सिरवार्तचा थोरला भाऊ सेट्राक म्हणजे मनुकांचा व्यापारी. त्याच्या ट्रकांवरचे आकडे तीनशे दहापासून पुढे होते. त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं, दारावरचा आकडा वाचला आणि विचारलं, "बाकीचे पन्नास कुठे आहेत?"

"लॉस एंजेलिसला," नुबार म्हणाला.

लग्न झालं. तेव्हापासून तीस वर्षं ते पन्नास ट्रक लॉस एंजेलिसलाच होते. दर वर्षी चर्चच्या स्मरणिकेत नुबारची अर्ध्या पानाची जाहिरात येई : 'आमचे ५१ ट्रक आपल्या सेवेस हजर.' मधल्या काळात पहिला ट्रक मेला, दुसरा आला. पण नंबर तोच ठेवावा लागला, कारण बावन्न लिहावं तर एक्कावन्न कुठे गेला म्हणून लोक विचारणार. आणि सिरवार्त? तिने बाकीच्या पन्नासांबद्दल तीस वर्षांत चकार शब्द काढला नव्हता. नुबार मनात म्हणे, बिचारी किती भोळी! कधीकधी त्याला त्या भोळेपणाची लाज वाटे. पण सांगायचं कसं? पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर गंमत झाली असती. तिसाव्या वर्षी सांगणं म्हणजे कबुलीजबाब.

पत्राच्या शेवटी एक फोन नंबर होता. 'वरील माहिती बरोबर असल्याची फोनवरून खात्री द्यावी.' नुबार हा फोन घरी बसून करू शकला असता. तो शेजारच्या क्रिकोर न्हाव्याच्या दुकानात गेला. तिथे गालाला फेस लावलेली पाच माणसं बसली होती आणि मधल्या खुर्चीत दस्तुरखुद्द सेट्राक होता. नुबारने फोनचा आवाज मोठा केला.

"आपल्याकडे एक्कावन्न ट्रक असल्यास एक दाबा," यंत्र म्हणालं. "संख्या वेगळी असल्यास दोन दाबा."

दुकानात वस्तरासुद्धा थांबला. नुबारने सेट्राककडे पाहिलं. सेट्राकने आरशातून नुबारकडे पाहिलं.

नुबारने एक दाबलं.

"मुबारक, नुबार जान!" क्रिकोर ओरडला. "सरकारने मान्य केलं! आता कोणाची हिंमत आहे बोलायची?"

पंधरा दिवसांनी दुसरं पत्र आलं. त्यात सप्रेम नमस्कार नव्हता. एक्कावन्न ट्रकांची यादी, प्रत्येकाचं वय, पाटी, किती मैल चालला, सगळं महिन्याच्या आत कळवा. आणि पहिल्या टप्प्यात दहा ट्रक विजेवर चालणारे घ्या, नाहीतर दर ट्रकामागे दर दिवशी दंड. नुबारने धावत जाऊन भिंतीवरची चौकट उघडली. पहिल्या पानामागे दुसरं पान निवांत बसलं होतं आणि त्यावर हेच सगळं लिहिलेलं होतं.

त्याने ओट्यावरच्या पिठात बोटाने हिशोब मांडला. बेकरी विकली, घर विकलं, मागचं अंजिराचं झाड फळांसकट विकलं, तरी विजेचे ट्रक येत होते साडेतीन. तीस वर्षं पहाटे उठून, पीठ मळून चालवलेली बेकरी एका आकड्यापायी जाणार होती. त्याने पीठ पुसून टाकलं आणि आत हाक मारली, "सिरवार्त, मी जरा सरकारला भेटून येतो!"

हवा-खात्याच्या खिडकीत मिस थाओ नावाची तरुण बाई होती. दूरच्या डोंगरांतून येऊन इथे वसलेल्या हमोंग लोकांपैकी, चष्मा नाकावर घसरलेला, बोलणं इतकं अदबशीर की भांडायला कुठे जागाच सापडू नये.

"माझ्याकडे एकच ट्रक आहे," नुबार हळू आवाजात म्हणाला. मागे रांगेत कोणी आर्मेनियन नाही ना, हे त्याने आधी पाहून घेतलं होतं.

"पण सर, तुम्ही फोनवर एक दाबलंत."

"एक ट्रक आहे म्हणून एक दाबलं!"

हे उत्तर त्याला ऐनवेळी सुचलं होतं आणि स्वतःलाच फार आवडलं होतं. मिस थाओनेही क्षणभर पेन थांबवलं. मग तिने एक जाड फाइल काढली. आत चर्चच्या तीस स्मरणिकांमधली जाहिरातीची तीस पानं, ओळीने लावलेली. सरकारकडून कामं होत नाहीत असं जे म्हणतात, त्यांनी ही फाइल पाहावी.

"ही जाहिरात तुमचीच ना, सर?"

"ती... धार्मिक आहे."

"बाकीचे पन्नास ट्रक तुमच्याकडे आता नसतील, तर दर ट्रकामागे हा एक अर्ज भरा." तिने पन्नास अर्ज मोजून पुढे सरकवले. "ट्रकचं काय झालं, त्यावर फक्त खूण करायची."

नुबारने वाचलं. विकला. मोडीत काढला. जळाला. चोरीला गेला. राज्याबाहेर नेला. 'नव्हताच' असा रकाना नव्हता. नसलेला ट्रक नाहीसा करण्याची सोय कायद्यात कुणाला सुचलीच नव्हती.

"ते लॉस एंजेलिसला होते, असं म्हटलं तर?"

"लॉस एंजेलिस याच राज्यात आहे, सर."

"हो ना," नुबार खिन्नपणे म्हणाला.

गावात सल्ल्याला तोटा नसतो. एका प्रश्नाला दहा सल्ले मिळतात आणि अकरावा परत फिरताना मागून हाक मारून देतात. नुबारने नाव न घेता, 'माझा एक ओळखीचा' म्हणून गोष्ट सांगितली. सगळ्यांना ओळखीचा ताबडतोब कळला आणि सगळ्यांनी कळलं नसल्याचं दाखवलं.

"चोरीला गेले म्हण," क्रिकोर वस्तऱ्याला धार लावत म्हणाला.

"पन्नास ट्रक?"

"मोठी टोळी होती म्हण."

"अरे, पोलिसांचा कागद लागतो!"

निवृत्त पोस्टमन मेस्रोपला ते पटलं नाही. तो म्हणाला, "जाळून टाक. पण सगळे एकदम नको, संशय येतो. दर आठवड्याला दोन."

"नसलेला ट्रक जाळू कसा, मेस्रोप?"

"ते तुझं तू बघ. मी तत्त्व सांगितलं."

शेवटी तो पाद्रीबुवांकडे गेला. देर हायर म्हणत त्यांना सगळे, आणि त्यांच्यासमोर ओळखीचा वगैरे चालत नसे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दाढी कुरवाळली आणि म्हणाले, "बाळा, खरं बोलावं. खऱ्यासारखं काही नाही. पण चर्चची सहल होऊन जाऊ दे. सेट्राक या वेळी शंभर माणसांचं मटण देतोय. त्याआधी घरात वाद नको."

नुबारने एका अर्जावर स्वतःच्या हाताने रकाना आखला, त्यात 'नव्हताच' लिहिलं आणि खूण करून पाठवून दिला. संगणकाने तो परत पाठवला. त्याने दुसरा पाठवला, तोही परत आला. तिसऱ्याबरोबर मात्र मिस थाओचा फोन आला. तिला बहुधा दया आली असावी.

"सर, मीच शुक्रवारी सकाळी नऊ वाजता तुमच्याकडे येते. मागच्या आवारात ट्रक किती उभे आहेत ते मोजते. एकच असला तर तसं लिहीन आणि हे प्रकरण बंद करीन."

नुबारला वाटलं, फोनमधून हात घालून या मुलीच्या डोक्यावर ठेवावा. किती सोपं! आवार मागच्या बाजूला, गल्लीत कोणी फिरकत नाही. बाई येईल, एक मोजेल, जाईल. अब्रू जागच्या जागी. फक्त सिरवार्त तेव्हा घरात नको. शुक्रवारी सहलीसाठी चर्चच्या स्वयंपाकघरात बायका द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळायला जमणार होत्या. नुबार सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, "तू जा हं लवकर. तुझ्याइतक्या बारीक गुंडाळ्या कोणाला जमत नाहीत."

सिरवार्तने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. तीस वर्षांत त्याने तिच्या गुंडाळ्यांचं पहिल्यांदाच कौतुक केलं होतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण पोटात गोष्ट राहिली की नुबारला ढेकर येत नसे. गुरुवारी दाढी करून घेताना तो क्रिकोरच्या कानात म्हणाला, "उद्या नऊला सरकारी बाई येतेय ट्रक मोजायला. कोणाला सांगू नकोस."

न्हाव्याला गुपित सांगणं म्हणजे चर्चच्या घंटेला चिठ्ठी बांधण्यासारखं. पण क्रिकोर वाईट माणूस नव्हता. उलट फार चांगला होता, आणि सगळा घोटाळा त्यातूनच झाला. एखादा वाईट माणूस हसून गप्प बसला असता. क्रिकोर रात्रभर तळमळला. उद्या परकी बाई येणार, नुबारच्या आवारात एकच ट्रक बघणार, आणि आपल्या माणसाची मान सगळ्या राज्यासमोर खाली जाणार! आपण काय हातावर हात ठेवून बघत बसायचं?

शुक्रवारी साडेआठला सिरवार्त चर्चकडे गेली. जाण्याआधी तिने लवाश झाकायची पांढरीशुभ्र कापडं, चांगली चाळीस, आवारातल्या दोरीवर वाळत घातली. नुबारने ट्रक अंजिराच्या झाडाखाली नीट मधोमध उभा केला, म्हणजे मोजताना बाईला त्रास नको. पावणेनऊला त्याला लांबून घरघर ऐकू आली.

पहिल्यांदा मेस्रोपच्या भाच्याचा नळकामाचा ट्रक आला. मागोमाग कलिंगडवाल्याचा. मग गाद्यांचा, मग लोकरी गालिच्यांचा, मग एक घोडा वाहून न्यायची गाडी, आत घोडा तसाच. चर्चची बसही आली आणि ती स्वतः देर हायर चालवत होते. सगळ्यांच्या पुढे सेट्राक, तीनशे बारा नंबरच्या ट्रकात, लग्नाची वरात नेतात तसा. मागे त्याचेच तीनशे दहा आणि तीनशे अकरा. आवार भरलं, गल्ली भरली, कोपरा भरला. सगळी इंजिनं चालू, कारण बंद केली तर त्यातली निम्मी पुन्हा चालू होण्याची खात्री कोणाला नव्हती.

"अहो, हे काय?" नुबार किंचाळला. "काय करताय?"

"तुझं दुखणं मला येऊ दे, नुबार जान!" क्रिकोर एका ट्रकातून अर्धा बाहेर लोंबकळत ओरडला. "काळजी नको! आम्ही आहोत!"

"परत जा! सगळे परत जा! तुमच्या पाया पडतो!"

"बघा, बिचारा किती गहिवरलाय," मेस्रोप शेजारच्याला म्हणाला.

बरोबर नऊला मिस थाओ आली. तिने आपली छोटी विजेची मोटार कोपऱ्यावर ठेवली, कारण पुढे यायला वाटच नव्हती. तोंडावर रुमाल धरून, खोकत, वही सांभाळत ती ओळीने चालत आली. प्रत्येक ट्रकपाशी थांबत होती. प्रत्येक चालक तिला टोपी काढून नमस्कार करत होता आणि सांगत होता, "हा नुबार कझांजियनांचा." घोड्याच्या गाडीपाशी ती जरा जास्त वेळ थांबली.

"सेहेचाळीस," ती नुबारजवळ येऊन म्हणाली. आवाजात राग नव्हता, दमलेपण होतं. "सर, पाच कमी आहेत."

नुबारच्या तोंडून शब्द फुटायच्या आत सेट्राक पुढे झाला आणि रुबाबात म्हणाला, "ते माल पोचवायला गेलेत."

कधीकधी माणसाच्या अब्रूचं ओझं इतकं वाढतं, की ते उचलण्यापेक्षा टाकून देणं सोपं जातं. नुबारने आवारात पाहिलं. पंचेचाळीस शेजारी, पंचेचाळीस इंजिनं, सगळे त्याच्यासाठी खोटं बोलायला कामधंदा सोडून आलेले. त्याला रडू आलं आणि हसूही आलं. तो उलट्या ठेवलेल्या पिठाच्या पिंपावर चढला.

"एक!" तो ओरडला. "माझ्याकडे एक ट्रक आहे! तो तिथला, झाडाखालचा! तीस वर्षं एकच होता! लॉस एंजेलिसला माझं काहीही नाही, लॉस एंजेलिस मी धड पाहिलेलंसुद्धा नाही!"

मग सेट्राक मिस थाओकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाई, मनावर घेऊ नका. मोठा माणूस आहे, पण स्वभाव विनम्र."

"मी स्वतः पाहिलेत ते पन्नास," मेस्रोप म्हणाला. "ओळीने उभे होते."

"मीही," घोड्याचा मालक म्हणाला.

"अरे, मी शपथ घेऊन सांगतो..."

"शपथ कसली घेतोस, अख्पर!" क्रिकोर ट्रकातून खाली उतरत म्हणाला. "भावासारखा आहेस तू आम्हाला. तू गरीब झालास म्हणून आम्ही तुला एकटं सोडू होय?"

या गदारोळात मागचं फाटक वाजलं. सिरवार्त मोठं पातेलं न्यायला विसरली होती, ते घ्यायला परत आली होती. तिने आधी गर्दी पाहिली नाही. आधी तिने दोरी पाहिली. सकाळी बगळ्यासारखी पांढरी घातलेली चाळीस कापडं आता कढईच्या बुडासारखी काळी झाली होती.

"इंजिनं बंद करा," ती म्हणाली. ती ओरडली नाही. पण पंचेचाळीस इंजिनं बंद झाली, आणि घोडासुद्धा फुरफुरायचा थांबला.

मग तिने पिंपावर उभ्या नवऱ्याकडे, वही धरलेल्या बाईकडे आणि आपल्या भावाकडे एकेक करून पाहिलं. तिला सगळं कळायला पातेलं उचलण्याइतकाही वेळ लागला नाही. नुबारने डोळे मिटून घेतले. ज्या क्षणाला तो तीस वर्षं भीत आला होता तो आला होता, आणि तोही पिंपावर.

"बाई, आत या," सिरवार्त मिस थाओला म्हणाली. "तुम्हाला एक वस्तू दाखवते."

स्वयंपाकघराच्या दारामागे भिंतीत एक खिळा होता. त्या खिळ्याला एक किल्ली टांगली होती. भिंतीवर तेवढ्या जागी तीस वर्षांत किल्ली झुलून झुलून रंग उडाला होता आणि वाटीएवढा गोल पडला होता.

"लग्न होऊन आले त्या दिवशी हा खिळा मी स्वतः मारला," सिरवार्त म्हणाली. "एक खिळा. एक्कावन्न ट्रक असते तर मी एक्कावन्न मारले नसते? दर शनिवारी ट्रक धुते कोण? मी. एक धुतानाच कंबर मोडते. मी तर रोज देवाला म्हणायचे, ते बाकीचे पन्नास कुठे असतील तिथे सुखात राहू देत, इकडे नको पाठवूस."

नुबार दारात येऊन उभा होता. "तुला ठाऊक होतं?" त्याने विचारलं. "कधीपासून?"

"तू सेट्राकला सांगितलंस तेव्हापासून. कान लाल झाले होते तुझे."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? इतर मुलींना मागणी घालणारे दोनचार ट्रक वाढवून सांगत. माझ्यासाठी कोणी पन्नास वाढवले होते. मला बरं वाटलं."

नुबारने तोंड फिरवलं आणि उगाचच खिळ्यावरची किल्ली सरळ केली. ती सरळच होती.

मिस थाओने वहीत काहीतरी लिहिलं, चष्मा पुसला आणि हलकेच म्हणाली, "माझे वडील बाजारात भाजी विकतात. त्यांच्या गाडीवर लिहिलंय, 'शाखा सातवी'. बाकीच्या सहा कुठे आहेत, हे आईने अजून विचारलेलं नाही." मग तिने वही मिटली. "एक ट्रक. सर, तुम्हाला हा कायदा लागू नाही."

इथेच गोष्ट संपायची. पण ती बाहेर पडली तेव्हा सगळे शेजारी आपापल्या ट्रकात चढत होते, आणि मिस थाओ कितीही गोड असली तरी सरकारी नोकर होती. ती फाटकात उभी राहिली.

"म्हणजे हे ट्रक कझांजियनांचे नाहीत," ती म्हणाली. "मग हा तीनशे बारा नंबर कोणाचा?"

सेट्राक चढता चढता पायरीवरच थांबला.

"आणि हा अठ्ठ्याऐंशी? दोनशे चार? हा घोडावाला एकशे चाळीस?" तिचं पेन पुन्हा चालू झालं. कोणाच्याही ट्रकच्या दारावर पन्नासाच्या आतला आकडा नव्हता. तेवढ्यात देर हायर बस घेऊन गुपचूप मागच्या मागे निघून गेले. चर्चच्या बसवर नंबर होता तीन, आणि चर्चकडे बस होती एकच.

महिन्याभरात गावात सत्तावीस पत्रं आली. 'सप्रेम नमस्कार' वाचून या वेळी कोणाची रोटी करपली नाही. आता अख्ख्या फ्रेस्नोत एकच माणूस असा होता ज्याच्याकडे आपला एकच ट्रक असल्याचा शिक्क्याचा सरकारी दाखला होता. नुबारने तो त्याच चौकटीत घालून अरारातशेजारी टांगला. लोक रोटी घ्यायला येत, दाखल्यासमोर उभे राहत आणि आवाज खाली आणून विचारत, "तो 'ट्रकचं काय झालं'चा रकाना कसा भरलास?" नुबार सल्ला देई. फुकट, पण जरा सावकाश.

सगळ्यात शेवटी सेट्राक आला. दुकान बंद होईपर्यंत तो रस्त्यापलीकडे उभा होता. त्याचा अर्ज पक्का व्हायला एका साक्षीदाराची सही हवी होती. ओळख किमान दहा वर्षांची, आणि 'यांच्याकडे तीनच ट्रक आहेत हे मला माहीत आहे' असं लिहून देणारा.

नुबारने कागद हातात घेतला. तीस वर्षांत किती जेवणांना या माणसाने त्याला टेबलाच्या टोकाला बसवलं होतं! "तीन?" तो म्हणाला. "सेट्राक अख्पर, हे कसं लिहू? मी तर तीनशे बारा पाहिलेत. ओळीने उभे होते."

"नुबार," आतून सिरवार्तचा आवाज आला.

"सही करतोय," नुबार म्हणाला, आणि त्याने केली. सेट्राकने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि जाता जाता म्हणाला, "रविवारी जेवायला या. माझ्या शेजारी बस."

कायदा लागू नसूनही नुबारने विजेचा ट्रक घेतला, कारण सिरवार्त म्हणाली, "तुला नसेल लागू, माझ्या दोरीला लागू आहे." चाळीस कापडांचा डाग कशानेच निघाला नव्हता. आपण होऊन जुना ट्रक मोडीत काढणाऱ्या छोट्या धंदेवाल्यांना सरकार मदत देत होतं. त्या मदतीचेही अर्ज होते, पण ते असलेल्या ट्रकाचे होते, त्यामुळे सोपे गेले. एक्कावन्न नंबर मोडीत जायच्या दिवशी सिरवार्तने तो शेवटचा धुतला आणि नुबारला ओल्या डोळ्यांसाठी भट्टीच्या धुराचं निमित्त करावं लागलं.

नवा ट्रक पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये, द्राक्षांच्या आशीर्वादाच्या रविवारी आला. त्या दिवसापर्यंत कोणी नवं द्राक्ष तोंडात घालत नाही. देर हायर आधी टोपल्यांवर मंत्र म्हणतात. त्यांनी द्राक्षांबरोबर ट्रकवरही पाणी शिंपडलं. ट्रक खोकला नाही, त्याने धूर सोडला नाही, तो नुसता उभा राहिला. "चालू आहे का?" मेस्रोपने तीनदा विचारलं. मिस थाओलाही आमंत्रण होतं. ती द्राक्षांचा घड हातात घेऊन बाजूला उभी होती.

रंगारी डबा घेऊन पुढे आला. "नंबर काय टाकू?"

नुबारने मिस थाओकडे पाहिलं, सेट्राककडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहून म्हणाला, "एक."

"एक काय म्हणून?" सिरवार्त पुढे आली. "काल आलोय का आपण या गावात? बावन्न लिहा. मोठ्ठा. आणि खाली बारीक अक्षरांत लिहा, 'एकूण ट्रक एक, सरकारी दाखला दुकानात पाहावा.'"

मिस थाओने एक द्राक्ष तोंडात टाकलं, ट्रकभोवती एक फेरी मारली, बारीक अक्षरं सावकाश वाचली आणि मान डोलावली. कायद्यात बसत होतं. तरी तिला राहवेना.

"मग आधीचे एक्कावन्न कुठे आहेत?" तिने विचारलं.

नुबारचे कान लाल झाले. सिरवार्तने ते पाहिले आणि त्याच्याआधी तीच म्हणाली,

"लॉस एंजेलिसला."